बुंदीचं बोरन्हाण

जबाब
पुणे शहर, दि. २० जानेवारी २०२६

नाव सृष्टी रावसाहेब काळोखे, वय १९ वर्षे, धंदा शिक्षण, बी.बी.ए. दुसरं वर्ष, राहणार कृष्णाई निवास, वारजे गावठाण, पुणे.

मी स्वतः पोलीस ठाण्यात आले असून विचारल्यावरून सांगते की, माझी शाळा आणि कॉलेज इंग्लिश मीडियमचं आहे. मराठी बोलता येतं, लिहायला वेळ लागतो. म्हणून मी बोलते आहे आणि हवालदार मॅडम लिहून घेत आहेत.

वरील पत्त्यावर वडील रावसाहेब, आई सुशीलाबाई, मोठा भाऊ आनंद, त्याची बायको शेफाली आणि मी असे राहतो. बिल्डिंग आमचीच आहे, खालचे दोन मजले आमचे, त्यावर भाडेकरू आहेत. शेफालीला मी वहिनी म्हणते. तिने तिची मांजर मारल्याची तक्रार माझ्या आईविरुद्ध दिली आहे. घरच्यांचं म्हणणं असं की मांजरीला वहिनीनेच आंघोळ घातली आणि तिच्याच हातून ती मेली. त्या वेळी मी तिथे हजर होते. जे झालं ते खालीलप्रमाणे.

वहिनीचं माहेर विश्रांतवाडी. ती आयटीत आहे. लग्नाला तीन वर्षं झाली. लग्न होऊन आली तेव्हा तिच्यासोबत तिची मांजर आली. पांढऱ्या अंगावर केशरी ठिपके, म्हणून नाव बुंदी. आई तेव्हापासून सगळ्यांना सांगते की लोकांच्या सुना येताना फ्रीज आणतात, आमची आली ती मांजर घेऊन. हे ती चिडून म्हणत नाही, हसून म्हणते.

गेल्या वर्षी वहिनी प्रेग्नंट होती. पहिल्या संक्रांतीला बाळाचं बोरन्हाण करतात, त्याचे काळे कपडे आजोळहून येतात. वहिनीच्या आईला धीर धरवला नाही. त्यांनी सहाव्या महिन्यातच काळ्या खणाचं झबलं शिवलं, लोकरीचे हातमोजे-पायमोजे विणले आणि पाठवून दिले. आमच्याकडे बाळ व्हायच्या आधी काही आणत नाहीत. आईने पिशवी न उघडता वहिनीच्या कपाटात वर टाकली. ऑगस्टमध्ये, आठव्या महिन्यात, बाळ गेलं. मुलगी होती. त्यानंतर आई येताजाता म्हणायची, "आधीच शिवून ठेवलं, मग काय होणार." वहिनीने ती पिशवी कधी उघडली नाही आणि टाकूनही दिली नाही.

तेव्हापासून बुंदी वहिनीच्या पोटाशी झोपायची. आई वहिनीला मांजरीची आई म्हणायला लागली. भाजीवाल्यासमोर म्हणायची, पाहुण्यांसमोर म्हणायची. "आमच्याकडे सुनांच्या ओटीत पोर असतं, हिच्या ओटीत शेपूट." दादा अशा वेळी मोबाईल बघायचा.

मांजरांना आंघोळ घालणं हा माझा विषय आहे. मी त्याचा ऑनलाइन कोर्स केला आहे आणि माझं त्यावर पेज आहे. मला पुढे मांजरांसाठी स्पा काढायचा आहे. मॅडम म्हणाल्या, एवढं नको. पण हे महत्त्वाचं आहे, लिहाच, अशी मी विनंती केली. मांजर स्वतःला चाटून साफ ठेवते, तिला वरचेवर आंघोळ लागत नाही. घालायचीच तर पाणी कोमट, आपल्या मनगटाला धड जाणवणारही नाही इतकंच. तोंडावर पाणी नाही. टबात खाली टॉवेल टाकायचा म्हणजे पाय घसरत नाहीत आणि ती घाबरत नाही. नंतर दुसऱ्या टॉवेलात घ्यायचं, पण सैल. घट्ट नाही. दिवाळीच्या आधी मी आणि वहिनीने बुंदीला अशी आंघोळ घातली होती. तिने एकदाही नख काढलं नाही. मी लिटरली नाचत होते. वहिनी पूर्ण वेळ हळू आवाजात बुंदीशी बोलत होती आणि ऑगस्टनंतर मी तिला पहिल्यांदा हसताना बघितलं. तो रील माझ्या पेजवर आहे. त्याला सगळ्यात जास्त लाईक्स आहेत.

म्हणून संक्रांतीला बुंदीचं बोरन्हाण करायची आयडिया मला सुचली. हल्ली लोक करतात, खूप क्यूट दिसतं. आधी आंघोळ, मग हलव्याचे दागिने, मग डोक्यावरून चुरमुरे. मी वहिनीला विचारलं. ती म्हणाली, "तुझ्या रीलपुरतं करू. वर आपल्या खोलीत. कुणाला बोलवू नकोस, सृष्टी."

मी आईला सांगितलं. आई खूश झाली. मला आश्चर्य वाटलं, कारण ती बुंदीला हातसुद्धा लावत नाही. ती म्हणाली, "वर खोलीत कशाला? रविवारी माझं हळदीकुंकू आहे, तेव्हाच करू. घरातलं पहिलं बोरन्हाण, चार बायकांना कळू दे की." मला वाटलं, चला, आईचा राग गेला. मी वहिनीला जाऊन तसंच सांगितलं. वहिनी म्हणाली, "अगं, तू त्यांना का सांगितलंस?" मी म्हणाले, "रिलॅक्स, आई एक्सायटेड आहे."

रविवार, दि. १८ रोजी संध्याकाळी आमच्या हॉलमध्ये हळदीकुंकवाला गल्लीतल्या बायका आणि त्यांची लहान मुलं आली होती. मी रिंगलाईट लावला. दोन टब, टॉवेल, कोमट पाणी, सगळं वर तयार होतं. तेवढ्यात सरुबाई आली. सरुबाई आमच्या भागात बाळंतिणीची आणि बाळाची मालिश करते, बाळांना न्हाऊ घालते. दादा आणि मी तिच्याच पायांवर न्हाऊन मोठे झालो. तिला आईने बोलावलं होतं. आई सगळ्यांसमोर म्हणाली, "न्हाण घातल्याशिवाय कसलं गं बोरन्हाण? आणि न्हाण आपल्या पद्धतीने. ते टब-बिब राहू देत."

सरुबाई म्हणाली, "आजवर दोन पायाची न्हाऊ घातली, आज चार पायाचं. आणा वैनी, कुठं हाय तुमचं बाळ?" बायका हसल्या. मीही हसले.

वहिनी बुंदीला घेऊन जिन्यात उभी होती. ती म्हणाली, "अहो आई, ती घाबरते. मी आणि सृष्टी वर घालतो ना, लगेच घेऊन येतो."

आई म्हणाली, "का गं? या हाताने तुझा नवरा न्हायला. तुझं मांजर त्याच्याहून नाजूक आहे का?"

दादा जिन्यातून उतरला. त्याने बुंदीला वहिनीच्या कडेवरून काढून आईकडे दिलं. वहिनी मागे धावली तेव्हा त्याने तिचं मनगट धरलं आणि म्हणाला, "शेफाली, दोन मिनिटांची गंमत आहे. सगळ्यांसमोर तोंड पाडू नकोस." वहिनीने हात ओढला. हातातल्या दोन बांगड्या फुटल्या. आई तिथूनच म्हणाली, "सणाच्या दिवशी बांगड्या वाढवतेस होय? शहाणी आहेस." दादाने शेवटपर्यंत मनगट सोडलं नाही.

मोरी हॉलच्या मागेच आहे. दार उघडं ठेवलं होतं, बायका दारात गोळा झाल्या. सरुबाई पाटावर पाय लांब करून बसली. नखं लागू नयेत म्हणून बुंदीच्या चारही पायांत लोकरीचे मोजे घालून वरून नाडी बांधली होती. दोन हातमोजे आणि दोन पायमोजे. ते कुठून आले हे मला तेव्हा लगेच लक्षात आलं नाही. वहिनीला आलं. ती ओढायची थांबली.

पाण्याचं पातेलं गॅसवरून थेट आलं होतं. वाफ येत होती. मी म्हणाले, "सरुबाई, विसण घाला, खूप गरम आहे." सरुबाई म्हणाली, "ताई, न्हाणाचं पाणी ऊनच लागतंय. अंग मोकळं व्हतं." मी आईला म्हणाले की मांजराची कातडी आपल्यापेक्षा पातळ असते. आई म्हणाली, "तू व्हिडिओ काढ. ज्याचं काम त्याने करावं." मी व्हिडिओ काढला.

सरुबाईने बुंदीला पायांवर पालथं घातलं, मानेला धरलं आणि तेल लावलं. मग पहिला तांब्या पाठीवर ओतला. बुंदी ओरडली. तो आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता. एक बाई म्हणाली, "अगं बाई, अगदी पोरासारखं रडतंय." आई म्हणाली, "मग? आईवर गेलंय." सगळ्या हसल्या. नंतर बुंदीला उताणं करून पोटावर पाणी घातलं. पातेलं रिकामं होईपर्यंत घातलं. वहिनी हॉलमधून "आई, आई" अशी हाक मारत होती. ती माझ्या आईला मारत होती की स्वतःच्या, ते मला सांगता येणार नाही.

त्यानंतर आई म्हणाली, "धुरी दिल्याशिवाय न्हाण पुरं होत नाही." मागच्या व्हरांड्यात शेगडी पेटवून ठेवली होती. निखाऱ्यांवर ओवा, वेखंड आणि लसणाच्या साली टाकल्या. बाळाला धुरी देतात तशी. बुंदीला ओल्या अंगानेच दुपट्यात बांधलं, बाळाला बांधतात तसं घट्ट, फक्त तोंड बाहेर. मग तिला शेगडीजवळ ठेवून दोन्हींवर मिळून डालगं उपडं घातलं. पूर्वी आमच्याकडे कोंबड्या होत्या, त्या झाकायचं ते डालगं. मी म्हणाले, "आई, धूर होतोय, तिला श्वास येणार नाही." आई म्हणाली, "तुलाही याच धुरात वाढवलंय. मेलीस का?"

बुंदी आत दुपट्यासकट धडपडत होती, डालगं सरकत होतं. आईने त्यावर पाट ठेवायला सांगितला. सरुबाईने ठेवला. मग आईने पाळणा म्हणायला सुरुवात केली आणि बायकांनी उचलून धरला. आईचा आवाज चांगला आहे. दोन-तीन कडवी झाल्यावर डालगं हलायचं थांबलं. सरुबाई म्हणाली, "गप झालं बघा. माझ्या हातचं पोर रडत नाय." पाळणा मोठा आहे. त्यांनी तो पूर्ण म्हटला.

डालगं उचललं तेव्हा बुंदीचे डोळे अर्धे उघडे होते. आई म्हणाली, "झोपली. न्हाऊन झाल्यावर झोपतातच." मग आईने कमरेची पिशवी सोडून काळं झबलं काढलं. ते तिने दुपारी वहिनीच्या कपाटातून घेतलं होतं. झबलं बुंदीच्या अंगात घातलं, हात बाहीत जात नव्हते ते ओढून घातले, गळ्यात हलव्याची माळ घातली. वहिनीला हॉलमध्ये पाटावर बसवलं, पदर डोक्यावर घ्यायला लावला आणि बुंदीला तिच्या मांडीवर दिलं. आई म्हणाली, "घे. झालीस ना एकदाची आई."

वहिनीने बुंदीच्या मानेखाली हात घातला. मान हाताबरोबर कलली. वहिनीने हात तसाच ठेवला. रिंगलाईट तिच्या तोंडावर होता. मी म्हणाले, "वहिनी, इकडे बघ ना. स्माईल." तिने माझ्याकडे बघितलं नाही.

आईने मापट्याने बोरं, चुरमुरे, हरभरे आणि उसाचे करवे दोघींच्या अंगावर ओतले. मुलं वेचायला धावली. एक लहान मुलगी बुंदीच्या अंगावरचं बोर घ्यायला वाकली आणि म्हणाली, "काकू, हिच्या डोळ्यावर चुरमुरा आहे, तरी ही डोळे मिटत नाही."

आई जवळ आली. बुंदीला पायाच्या बोटाने हलवलं आणि म्हणाली, "गेलं वाटतं. हिच्या मांडीवर काही टिकतच नाही."

हे वाक्य मी जसंच्या तसं सांगते आहे. ते व्हिडिओतही आहे.

मग आईने वहिनीच्या हातात हळदीकुंकवाचं तबक दिलं. "उठ, हात धू. बायका खोळंबल्यात. सवाष्णींना रिकाम्या हाताने पाठवत नसतात." मला वाटलं, वहिनी तबक फेकेल. दादाला पण तेच वाटलं असावं, कारण तो पुढे आला. वहिनीने बुंदीला पाटावर ठेवलं, अंगावर स्वतःचा रुमाल टाकला, हात धुतले आणि प्रत्येकीला हळदीकुंकू लावलं. कुणालाही वगळलं नाही. सरुबाईलाही लावलं. प्रत्येकीला "तिळगूळ घ्या, गोड बोला" म्हणाली. बायकांनी वाण घेतलं. यावर्षी वाणाला प्लॅस्टिकचे डबे होते. जाताना एक बाई आईला म्हणाली, "डबा छान आहे हो." शेवटी वहिनीने आईला तिळगूळ दिला. आई म्हणाली, "आणि पाया कोण पडणार?" वहिनी पाया पडली.

नंतर तिने पर्स घेतली, बुंदीला झबल्यासकट उचललं आणि बाहेर येऊन रिक्षा केली. दादा रिक्षापर्यंत गेला. तो म्हणाला, "आत्ता कशाला जातेस? उद्या जा. लोक बघतायत." ती विश्रांतवाडीला गेली. दुसऱ्या दिवशी तिने बुंदीला सरकारी जनावरांच्या दवाखान्यात नेलं. पोट भाजलं होतं आणि छातीत धूर गेला होता, असं डॉक्टरांनी लिहून दिल्याचं मला मॅडमकडून समजलं. मला कुणी विचारलं असतं तर मी पण हेच सांगितलं असतं.

घरी त्याच रात्री बोलणं झालं. पप्पा हळदीकुंकवाच्या वेळी बाहेर होते. ते म्हणाले, घरातली गोष्ट घरात. मला व्हिडिओ डिलीट करायला सांगितला. मी केला असं सांगितलं. केलेला नाही. काल दादाने इथे येऊन जबाब दिला. त्यात ऑगस्टपासून वहिनीचं डोकं ठिकाणावर नाही, तिनेच मांजरीला बाळासारखं नटवलं, तिनेच उकळतं पाणी घातलं आणि तिनेच डालग्याखाली कोंडलं, असं आहे. मला आज सकाळी आईने तेच पाठ करून घेतलं. दोनदा म्हणायला लावलं. स्वयंपाकघरात पप्पा फोनवर कुणालातरी सांगत होते की, सुनेच्या डोक्याचं एकदा कागदावर आलं की सोडचिठ्ठी सोपी जाते, त्यांनाही आणि आपल्यालाही. म्हणून मी स्पष्ट सांगते की वहिनीचं डोकं ठिकाणावर आहे. त्या दिवशी त्या हॉलमध्ये फक्त तिचंच होतं.

माझा फोन मी स्वतःहून पोलिसांकडे देत आहे. व्हिडिओ एकसलग आहे, काही कापलेलं नाही. आवाज ओळखायला सांगितल्यावरून सांगते की, पाळणा सुरू करणारा आवाज माझ्या आईचा आहे. "गप झालं बघा" हा सरुबाईचा आहे. लांबून हाक ऐकू येते ती वहिनीची. "सोड तिला" असं कुणीच म्हटलेलं नाही, त्यामुळे तो आवाज शोधू नये. फोनच्या अगदी जवळ हसण्याचा आवाज येतो, तो माझा आहे.

पोलिसांनी वहिनीकडून काळं झबलं जप्त केलं आहे, असं समजलं. केस संपल्यावर ते वहिनीलाच मिळावं, आमच्या पत्त्यावर पाठवू नये, अशी माझी विनंती आहे. आमच्याकडे आलं तर आई ते धुऊन, घडी करून, कुणाच्या तरी बारशाला देऊन टाकेल.

माझं आईशी कसलंही भांडण नाही. कॉलेजची फी तीच भरते. आज मी जबाबाला येणार म्हणून तिने सकाळी माझ्या डोक्याला तेल लावून दिलं. मला पढवून कुणी पाठवलं असेल तर ते फक्त तिनेच, आणि तिने सांगितलेलं मी सांगितलेलं नाही.

लिहून झाल्यावर मॅडमनी सगळं मला सावकाश वाचून दाखवलं. मराठी शब्द अडले ते परत विचारून घेतले. मी बोलले तसंच लिहिलं आहे, एकही वाक्य जास्तीचं नाही, म्हणून खाली सही करते. आई बाहेर बाकावर बसली आहे. मला न्यायला आली आहे आणि तिला वाटतंय की मी दादासारखंच सांगितलं. तिला हा जबाब वाचून दाखवला तरी माझी हरकत नाही. मोठ्याने वाचावा, बाकीच्यांनाही ऐकू जाईल असा.

सृष्टी रा. काळोखे